‘मदतीची नोंदणी’ म्हणून अंगठा घेतला आणि खात्यातून वीस हजार गेले

ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे आणि त्याच्या नावावर बँकेत खातं आहे, त्यांनी हे नक्की वाचा. प्रकार २०२० च्या लॉकडाऊनमधला आहे, पण त्यातली चलाखी आजही तशीच चालते. फक्त योजनेचं नाव बदलते.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्याच्या कडेला. मे महिन्यात जिल्हा रेड झोनमध्ये होता. एसटी बंद, तहसीलमध्ये शुकशुकाट, ग्रामपंचायतीच्या दाराला बहुतेक वेळा कुलूप. बँकेची शाखा बाजारगावात, सात-आठ किलोमीटरवर. तिथं चुन्यानं आखलेल्या गोलात उन्हात उभं राहायचं, आणि नंबर लागेपर्यंत जेवणाची सुट्टी व्हायची. गावातल्या पोरांनी शिवेवर बाभळीच्या काट्या आणि एक मोडकी बंडी आडवी टाकून नाका केला होता. पाहुणा जरी आला तरी त्याला तिथूनच वापस लावत.

असा नाका पार करून एक माणूस मोटरसायकलनं गावात आला, आणि कोणी त्याला अडवलं नाही. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, तोंडाला मास्क, हातमोजे, बॅगेत सॅनिटायझर आणि कपाळावर धरायची ती ताप मोजायची बंदूक. त्या दिवसांत ती बंदूक ज्याच्या हातात, तो सरकारी माणूस. आशाताई घरोघरी रजिस्टर घेऊन फिरत होत्या, कोणाला खोकला आहे, कोण पुण्या-मुंबईहून आलं ते लिहून नेत होत्या. हाही त्यातलाच असेल असं लोकांनी धरलं. नाक्यावरच्या पोरांना त्यानं ‘तहसीलमधून आलो’ म्हणून सांगितलं, आणि ग्रामपंचायतीच्या शिपायाला सांगितलं की वरून आदेश आहे. शिपायानं ना सरपंचाला विचारलं, ना ग्रामसेवकाला फोन लावला. सरळ मारोतीच्या देवळावरच्या भोंग्यातून पुकारा केला, ‘ज्या बायांचे जनधन खाते आहे त्यांनी आधारकार्ड घेऊन पारावर यावं.’

माझा राग त्या चोरापेक्षा या भोंग्यावर जास्त आहे. चोर चोरीच करणार. पण भोंगा ग्रामपंचायतीचा, आवाज ओळखीचा, मग बाया कशाला शंका घेतील?

आता त्यानं काय केलं ते नीट समजून घ्या.

केंद्र सरकारनं तेव्हा महिलांच्या जनधन खात्यात एप्रिल, मे, जून असे तीन महिने दरमहा ५०० रुपये टाकले होते. गर्दी होऊ नये म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे तारखा ठरवल्या. एप्रिलमध्ये ज्यांच्या शेवटी शून्य किंवा एक त्यांचे ३ तारखेला, दोन-तीनवाल्यांचे ४ तारखेला, असं करत ९ तारखेपर्यंत. तेवढ्यात व्हॉट्सॲपवर अफवा सुटली की पैसे लगेच काढले नाहीत तर सरकार वापस घेते. सरकारनं हे खोटं असल्याचं जाहीर केलं होतं, पण खुलासा गावात पोचत नाही, अफवा पोचते. हा माणूस ती अफवा धरूनच आला. ‘काकू, बँकेत कशाला जाता उन्हात, इथंच काढून देतो.’

आणि त्यानं खरंच काढून दिले. हीच त्याची हुशारी. पहिल्या चार-पाच बायांच्या हातात पाचशेची करकरीत नोट ठेवली, कमिशनही घेतलं नाही. बाकीच्या घरी जाऊन सुनांना, सासवांना घेऊन आल्या.

आमची मोठी माय त्या ओळीत होती. वय सत्तरीच्या पुढचं, जन्म कापूस वेचण्यात गेलेला. अंगठ्याच्या रेषा अशा झिजल्या की मशीनला उमटतच नाहीत. त्यानं तिचा अंगठा पदरानं पुसायला लावला, मग डोक्याच्या केसांवर घासायला लावला. तेलकट बोट लवकर उमटते हे त्याला बरोबर ठाऊक होतं. डबीएवढं यंत्र, त्याची काच लाल उजळते, अंगठा दाबला की लाईट विझते. एकदा ठेवला. ‘झालं आजी, हे घ्या पाचशे.’ मग म्हणाला, आता कोरोनाच्या नवीन मदतीची नोंदणी राहिली, त्यासाठी आधार प्रमाणीकरण करावं लागते. पुन्हा अंगठा. ‘नाही उमटला, दुसरं बोट द्या.’ पुन्हा.

न उमटलेला एकही नव्हता. नंतर पासबुक भरून आणलं तेव्हा त्या एका तारखेला तीन नोंदी निघाल्या. पाचशे, दहा हजार, दहा हजार.

यात ‘आधार प्रमाणीकरण’ हा शब्द त्यानं उगाच वापरला नव्हता. त्याच वर्षी फेब्रुवारीत महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेच्या याद्या लागल्या होत्या आणि आपले सरकार केंद्रावर रांग लावून सगळ्यांनी याच नावानं अंगठे दिले होते. ते खरं होतं, सरकारी होतं, फुकट होतं, पावतीही मिळत होती. लोकांच्या कानाला तो शब्द पक्का झालेला. त्यानं तोच पुढे केला.

तिच्या खात्यात एवढे पैसे आहेत हे त्याला कसं समजलं? तर त्याच यंत्रानं. आधारवरून पैसे काढायच्या या पद्धतीला एईपीएस म्हणतात. त्यात बँकेचं नाव निवडायचं, आधार नंबर टाकायचा, अंगठा लावायचा, बस. पिन नाही, ओटीपी नाही. शिल्लक पाहायलाही अंगठा आणि पैसे काढायलाही अंगठा, आणि ठेवणाऱ्याला दोन्ही सारखेच. पैसे निघाले की पावतीवर उरलेली शिल्लकही येते. म्हणजे पाचशे काढतानाच त्याला दिसलं की या म्हातारीकडे कापसाचे पैसे आहेत. एका वेळी दहा हजारांची मर्यादा आहे, म्हणून त्यानं दोनदा काढले. ज्या बाईच्या खात्यात फक्त जनधनचेच होते तिला तिचे पाचशे देऊन मोकळं केलं. त्या बाया तर उलट त्याच्या बाजूनं बोलत होत्या.

कापसाचं आणखी एक. लॉकडाऊन लागला तेव्हा आमच्याकडे घराघरात कापूस पडून होता. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ५५५० रुपये, व्यापारी त्याच्या जवळपासही यायला तयार नव्हते. बाजार समितीत नाव नोंदवून, नंबर लागायची वाट पाहून मोठ्या मायनं सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, कापूस दिला. त्याचे पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात आले. जनधन, पीएम किसानचे दोन हजार, कापूस, सगळं एकाच खात्यात. सोयीचं आहे, पण चोरालाही एकच दार उघडावं लागते.

पावती कोणालाच दिली नाही. ‘कागदावरून कोरोना पसरते, पावती देणं बंद आहे.’ हे ऐकून लोकांनी माना डोलावल्या. तेव्हा दुधाच्या पिशव्या साबणानं धुऊन घेत होतो आपण, कोण काय बोलणार.

खात्याला मोबाईल नंबर जोडलेला होता तो मोठ्या मायच्या मुलाचा. तो चाकणला कंपनीत, तिथंच अडकलेला. त्याला मेसेज आले. त्यानं वाचलेही. पेरणी तोंडावर आहे, मायनं बियाण्यासाठी काढले असतील असं समजून तो गप्प बसला. इकडे मोठी माय समजत होती की पैसे खात्यातच आहेत. जूनमध्ये मृगाचा पाऊस पडला, सरकीच्या पाकिटांसाठी ती मला म्हणाली, ‘बापू, बँकेतून थोडे पैसे काढून आण ना.’ तेव्हा हे उघडं पडलं.

तिला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. ‘असं कसं होईन बाप्पा, त्यानं तर मले पाचशे देल्ले! चांगला पोरगा होता. मले आजी आजी करे.’

बँकेत गेलो तर साहेब म्हणाले, ‘अंगठा तर आजीचाच आहे. मग व्यवहार चुकीचा कसा?’ हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल, म्हणून उत्तर आधीच सांगून ठेवतो. अंगठा तिचा आहे, पण वीस हजार काढायला तिनं तो दिला नव्हता आणि ते पैसे तिच्या हातात आले नाहीत. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. त्यात ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहाराबद्दल जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर टाकलं आहे. दोष बँकेचा किंवा ग्राहकाचा नसून मधल्याच कोणाचा असेल, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काहीच बोजा येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत, आणि जनधनसारख्या मूलभूत बचत खात्याला ती ५००० रुपये आहे. सात दिवस उलटले की मग बँकेचं स्वतःचं जे धोरण असेल ते. आमचे दिवस चाकणच्या त्या मोबाईलमध्येच उलटून गेले होते.

तरी आम्ही लेखी अर्ज दिला आणि त्यावर शिक्का मारून पोच घेतली. तोंडी तक्रारीला काही किंमत नसते, ‘पाहून घेऊ’ म्हणतात आणि विषय संपतो. अर्जात प्रत्येक नोंदीची तारीख, रक्कम आणि पासबुकात त्या ओळीत छापलेला व्यवहाराचा लांब आकडा लिहिला. त्या आकड्यावरूनच पत्ता लागला. यंत्र कोणत्या केंद्राच्या नावावर चालतं हे बँकेला कळतं. ते निघालं दुसऱ्या तालुक्यातल्या एका सेवा केंद्राचं. केंद्रवाल्यानं आधी कानावर हात ठेवले, मग म्हणाला की लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं म्हणून मशीन आणि आयडी एका पोराला महिन्यावर चालवायला दिली होती. आयडी भाड्यानं! बँकेच्या नावानं पैसे देणारा माणूस असा भाड्याचा असू शकतो हे मला तेव्हा कळलं.

बँकेकडून विचारणा सुरू झाल्यावर केंद्रवाल्यानं दहा हजार आणून दिले. ‘आता मिटवून टाका भाऊ’ असा निरोपही धाडला. उरलेले दहा आजपर्यंत नाहीत. पोलिसांनी अर्ज घेतला, त्याच्यापुढे काही झालं नाही. गावातल्या आणखी काही घरांचे पैसे गेले होते. पण बऱ्याच जणांनी तक्रारच केली नाही. कोणाला सून काय म्हणेल याची भीती, कोणाला खात्यात पैसे होते हेच घरात सांगायचं नव्हतं.

या सगळ्यात एक गोष्ट मला राहून राहून खटकते. त्या काळात कोरोनाची कोणतीही सरकारी मदत मिळवायला अंगठ्याची गरजच नव्हती. जनधनचे पाचशे आपोआप येत होते, पीएम किसानचे दोन हजार आपोआप. माणशी पाच किलो मोफत तांदूळ मिळत होता, तिथं तर संसर्गाच्या भीतीनं ग्राहकाचा अंगठा घेणंच थांबवलं होतं, दुकानदार स्वतःच्या अंगठ्यावर धान्य देत होता. म्हणजे रेशन दुकानातला अंगठा बंद, आणि पारावर अनोळखी माणसाचं यंत्र मात्र सुरू. ही विसंगती सरपंचाला दिसली नाही, ग्रामसेवकाला दिसली नाही. एक फलक लावला असता, ‘मदतीसाठी कोणालाही अंगठा देऊ नका’, तर खडूचाच खर्च होता.

घरबसल्या पैसे काढायची खरी सोयही तेव्हा होती. पोस्टमन एईपीएसचं यंत्र घेऊन फिरत होते, कोणत्याही बँकेतले पैसे दारात देत होते. आमच्या भागातल्या पोस्टमननं पुष्कळ म्हाताऱ्यांची सोय केली. किती रक्कम काढतो ते तो मोठ्यानं सांगायचा, नोटा मोजून घ्यायला लावायचा. मोठी माय आता त्याच्याकडेच अंगठा देते.

आता तुमच्यासाठी कामाचं. अंगठा देण्याआधी रक्कम मोठ्यानं बोलायला लावा आणि पडद्यावर घरातल्या शिकलेल्या पोराला वाचू द्या. ‘नाही उमटला’ म्हणाला तर दुसऱ्यांदा ठेवण्याआधी अयशस्वी झाल्याची पावती मागा, तीही निघते. म्हाताऱ्यांच्या खात्याला गावात राहणाऱ्याचा नंबर जोडा, परगावच्याचा नको. पैसे गेलेच तर त्याच दिवशी १९३० वर फोन करा. ही सोय आमच्या वेळी नव्हती. बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला वकील लागत नाही.

आणि अंगठा लॉक करून ठेवा. आधारच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये ‘बायोमेट्रिक लॉक’ आहे, मात्र त्यासाठी आधारला मोबाईल जोडलेला पाहिजे. लॉक केल्यावर रेशनच्या मशीनवरही अंगठा चालत नाही, थोड्या वेळापुरता उघडून घ्यावा लागतो. हे म्हातारीला धान्य आणायला पाठवण्याआधी करा, नाहीतर ती रिकामी थैली घेऊन येईल आणि शिव्या मला बसतील. आमच्या घरी बसल्या आहेत.