अल्टरनेटर बिघडला: स्वतः बदलावा की वायरमनकडे न्यावा?

इंजिन चालू असताना डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा पेटला, की बहुतेकांचा संशय थेट बॅटरीवर जातो. खरे तर त्या दिव्याचा अर्थ बॅटरी चार्ज होत नाही एवढाच असतो, आणि चार्जिंगचे काम अल्टरनेटरचे, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाचे. आपल्याकडचे जुने वायरमन, म्हणजे गाड्यांचे विजेचे काम करणारे कारागीर, त्याला अजूनही डायनामोच म्हणतात. हा भाग घरी बदलावा की दुकानात न्यावा, या पेचात असलेल्यांसाठी दोन्ही बाजू मांडतो.

आधी निदानाचे बोलू, कारण पैसे खरे वाया जातात ते इथे. गेल्या वर्षी साताऱ्याहून पुण्याला परतताना खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो, हेडलाइट लावले आणि रस्त्यावरचा प्रकाश पिवळा पडत मंदावत गेलेला डोळ्यांसमोर पाहिला. दुसऱ्या दिवशी एका दुकानात कोणतीही मोजणी न करता ‘बॅटरी गेली’ असे सांगण्यात आले. मी नवी बॅटरी बसवून घेतली आणि चौथ्या दिवशी गाडी पुन्हा बंद पडली. त्यानंतर काही शे रुपयांचा मल्टिमीटर आणून स्वतः मोजले, तेव्हा इंजिन चालू असूनही बॅटरीच्या टोकांवर १२.१ व्होल्ट दिसत होते आणि आकडा हळूहळू उतरत होता. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी गाडी काही तास उभी राहिल्यावर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आणि इंजिन सुरू केल्यावर हा आकडा सर्वसाधारणपणे १३.८ ते १४.५ च्या दरम्यान जायला हवा. दिवे आणि एसी लावल्यावर तो १३ च्या खाली राहत असेल, तर चार्जिंग अपुरे आहे. १५ च्या वर जात असेल, तर रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग, बिघडला आहे. अलीकडच्या काही गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी संगणक चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत एकाच आकड्यावर निर्णय देऊ नये. बेल्ट सैल झालेला नाही ना आणि अल्टरनेटरमागचे सॉकेट हललेले नाही ना, हेही पाहून घ्यावे. ही तपासणी, माझ्या मते, प्रत्येकाने स्वतःच करावी.

भाग उतरवण्याचे काम मात्र गाडीगणिक बदलते. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीत अल्टरनेटर वरून हाताला येतो; १०, १२ आणि १४ नंबरचे पाने पुरले, तरी मला तीन तास लागले, आणि तेच काम सरावलेला वायरमन पाऊण तासात करतो. ज्या गाड्यांत तो खाली, एसीच्या कॉम्प्रेसरजवळ दडलेला असतो, तिथे गाडी वर उचलावी लागते आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे मला मान्य नाही. कोकणात किंवा गोव्यात वापरलेल्या गाड्यांचे बोल्ट खाऱ्या हवेने गंजून धरलेले असतात. जोर लावताना अल्टरनेटरचा अ‍ॅल्युमिनियमचा कान (बोल्ट बसतो तो भाग) तुटला, तर दुरुस्त होणारा भागही हातचा जातो. पाना लावण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टोक काढलेच पाहिजे, कारण अल्टरनेटरमागची जाड तार थेट बॅटरीतून येते आणि किल्ली बंद असली तरी तिच्यात प्रवाह असतो.

इथे वायरमन निवडण्याची एक खूणही सांगून ठेवतो. इंजिन चालू असताना बॅटरीचे टोक काढून ‘गाडी बंद पडते का’ हे पाहण्याची जुनी रीत काही जण अजून पाळतात. अल्टरनेटर असलेल्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळून अल्टरनेटरमधले डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) किंवा इंजिनचा संगणक जळू शकतो. असे करायला निघालेल्या माणसाला तिथल्या तिथे थांबवावे आणि गाडी दुसरीकडे न्यावी.

दोन पर्यायांतला मोठा फरक अल्टरनेटर टेबलावर आल्यानंतर कळतो. घरी काम करणारा माणूस बहुधा अख्खा भाग बदलतो. वायरमन तो उघडतो. माझा अल्टरनेटर उघडल्यावर आतून काळी भुकटी सांडली आणि आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या दोन कार्बन ब्रशपैकी एक झिजून नखाएवढा उरलेला दिसला. वायरमनने नवे ब्रश डाग देऊन (सोल्डर करून) बसवले, ब्रश ज्यांवर घासतात त्या स्लिप रिंग बारीक पॉलिश पेपरने साफ केल्या, बेअरिंग हाताने फिरवून आवाज ऐकला आणि ते बदलण्याची गरज नसल्याचे स्वतःहून सांगितले. बिल हजार रुपयांच्या आत आले. नव्या अल्टरनेटरला याच्या कितीतरी पट मोजावे लागले असते. दुरुस्तीत रेग्युलेटर किंवा डायोड प्लेट बदलायची असेल, तर ती कोणत्या कंपनीची आहे हे आधी विचारावे आणि काढलेला भाग मागून घ्यावा.

वाइंडिंगच, म्हणजे आतले तांब्याच्या तारेचे वेटोळे, जळले असेल, तर मात्र नवा भाग घेणे बरे. तो स्वतः आणणार असाल, तर जुना सोबत न्या. पुण्यात नाना पेठेतल्या दुकानांत तो समोर ठेवून अँपिअर, पुलीच्या खाचा आणि सॉकेटची पिनसंख्या जुळवून घेता येते. बसवलेला इलेक्ट्रिकल भाग सहसा कोणी परत घेत नाही, त्यामुळे निदान चुकले तर तो भुर्दंड आपलाच. दुकानदाराकडून बसवून घेतला, तर किमान तक्रार घेऊन जायला जागा असते.

गाडी वॉरंटीत असेल, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरखेरीज कुठेही हात लावू देऊ नये. सियाझ किंवा एर्टिगाच्या माइल्ड हायब्रिड प्रकारांत अल्टरनेटर आणि स्टार्टर यांची कामे एकच यंत्र करते. तेही घरी खोलू नये.

माझा कल असा आहे: मोजणी स्वतः करावी, भाग वरून हाताला येत असेल आणि रविवारची सकाळ मोकळी असेल, तर तो स्वतः उतरवून वायरमनकडे न्यावा आणि दुरुस्त झाल्यावर स्वतः चढवावा. उतरवण्यापूर्वी बेल्टचा मार्ग मोबाइलवर टिपून ठेवावा आणि फिरण्याची दिशा खडूने बेल्टवरच लिहावी. चढवल्यावर जाड तारेचा नट घट्ट बसला आहे ना, हे पाहून त्यावरची रबरी टोपी सरकवावी, बॅटरीचे निगेटिव्ह टोक सर्वांत शेवटी जोडावे आणि इंजिन सुरू करून, हेडलाइट व एसीचा पंखा लावून पुन्हा मोजावे. माझ्या गाडीत त्या दिवशी १४.२ व्होल्ट आले.