डिझेल गाडीचं ऑइल लीक: गिअरबॉक्स उतरवण्याआधी

पार्किंगच्या नव्या फरशीवर डाग पडलाय, अशी सोसायटीच्या सेक्रेटरींची तक्रार आली आणि माझ्या अकरा वर्षांच्या डिझेल हॅचबॅकखाली मी पहिल्यांदा वाकून पाहिलं. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात त्या सांध्यातून काळं ऑइल टपकत होतं. गॅरेजमध्ये निदान दोन मिनिटांत झालं: ‘मागचं क्रँक सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ सील, म्हणजे क्रँकचा दांडा इंजिनाबाहेर येतो तिथे ऑइल अडवणारी रिंग, काही शेकड्यांचं, मजुरी हजारांत, आणि ‘उतरवतोच आहोत तर क्लच प्लेटही टाकून घ्या.’

निघालं भलतंच. हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, टोकाला कॅमशाफ्टवर फिरणारा व्हॅक्यूम पंप असतो, त्याची ओ-रिंग कडक होऊन चिरली होती. तिथलं ऑइल हेडच्या पाठीवरून ओघळत बरोब्बर त्याच सांध्यात उतरत होतं. काम अर्ध्या तासाचं. म्हणून कोणतं काम करून घ्यायचं हे ठरवण्याआधी लीक शोधायचं कसं, ते ठरवा.

धुणं, पावडर की डाय

सगळ्यात ओली जागा म्हणजे लीकची जागा, हा समज पहिल्यांदा सोडा. ऑइल खाली ओघळतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे फेकलं जातं. त्यामुळे ओल्या भागातलं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं टोक शोधायचं.

स्वस्त उपाय म्हणजे इंजिन धुऊन, वाळवून, संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरायची आणि वीस-तीस किलोमीटर गाडी चालवून परत बघायचं. पावडरवर ओघळाची रेघ स्पष्ट उमटते. टॅपेट कव्हर (हेडवरचं झाकण), फिल्टरची बाजू, चेंबरची (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीची) कड अशा दिसणाऱ्या जागांना हे पुरतं. मात्र प्रेशर वॉशरचा फवारा अल्टरनेटरवर आणि इंजेक्टरच्या वायरिंगवर मारू देऊ नका, नाहीतर ऑइलचं राहील बाजूला आणि इलेक्ट्रिशियन शोधत बसाल.

हेडच्या मागे, टर्बोखाली, जिथे हातही जात नाही, तिथे अल्ट्राव्हायोलेट डाय, म्हणजे खास टॉर्चखाली चमकणारा रंग, बरा. ऑइलमध्ये थोडा डाय घालायचा, दोन-तीन दिवस गाडी वापरायची आणि अंधारात निळ्या टॉर्चने बघायचं. लीकची वाट पिवळसर हिरवी चमकते. छोट्या गॅरेजमध्ये हे सहसा नसतं, पण गिअरबॉक्सच्या मजुरीपुढे डायचा खर्च काहीच नाही. माझं मत सरळ आहे: गिअरबॉक्स किंवा टायमिंग कव्हर उघडायची भाषा निघाली की आधी डाय.

थेंब बोटावर घेऊन वासही घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, कूलंटला गोडसर वास येतो. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला, तर ऑइलमध्ये डिझेल उतरतंय. असं पातळ झालेलं ऑइल कुठूनही वाट काढतं; तिथे पॅकिंग बदलून उपयोग नाही.

थांबता येईल की नाही

गळती दोन जातींची. टॅपेट कव्हर, चेंबर, क्रँकची सीलं इथलं ऑइल उडून किंवा ओघळून आलेलं असतं, त्यामागे पंपाचा जोर नसतो. साधारण 20 थेंबांचा 1 मिलीलीटर होतो. रात्रभरात 10 थेंब पडले तरी महिन्याला 15 मिलीलीटर, म्हणजे मोठा चमचाभर. डिपस्टिकच्या खालच्या आणि वरच्या खुणेत बऱ्याच गाड्यांत लिटरभराचं अंतर असतं. फरशीवरचा डाग बघून जीव घाबरतो, पण गाडीला त्याचं काही पडलेलं नसतं. (गाडी पळताना किती जातं ते मात्र डागावरून कळत नाही. त्यासाठी दर रविवारी सपाट जागी, थंड इंजिनवर डिपस्टिक बघायची.)

ऑइल प्रेशर स्विच, टर्बोला ऑइल नेणारी नळी, फिल्टरचं हाउसिंग ही दुसरी जात. इथे इंजिन फिरताना 3-4 बार दाब असतो. उभ्या गाडीखाली कदाचित एकच थेंब दिसेल, आणि मुंबई-पुणे प्रवासात चेंबर रिकामा होईल. इथे ‘बघू पुढच्या सर्व्हिसिंगला’ चालत नाही. ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन तिथल्या तिथे बंद करा. ऑइल तापलेल्या टर्बोवर किंवा सायलेन्सरवर पडत असेल, तर आगीचीही भीती.

तुमच्या इंजिनात कॅमशाफ्ट फिरवायला चेन आहे की बेल्ट, हेही विचारा. मारुतीच्या डिझेल स्विफ्टमधलं 1248 सीसीचं मल्टिजेट चेनवर चालतं. चेन ऑइलमध्येच भिजलेली असते. डस्टरमधलं 1.5 डीसीआय किंवा हॅरियर-कंपासमधलं 2.0 मल्टिजेट यांना रबरी टायमिंग बेल्ट आहे. बेल्टच्या बाजूला क्रँकचं किंवा कॅमचं सील पाझरत असेल तर थेंब मोजत बसू नका. ऑइलने बेल्ट फुगतो आणि तुटला की व्हॉल्व्ह वाकतात.

बाटली, जाड ऑइल, की खरं काम

‘लीक बंद’ करणारी बाटली आकसलेल्या, कडक झालेल्या रबरी सीलला थोडी फुगवते. पाझर बारीक असेल तर काही महिने निघतात. चिरलेली ओ-रिंग, सुटलेलं सिलिकॉन, दगड लागून चेपलेला चेंबर यांच्यावर तिचा शून्य परिणाम. 5डब्ल्यू-30 ऐवजी जाड 15डब्ल्यू-40 घालायचा सल्लाही मिळतो. जुन्या इंजिनाला तो पूर्वी चालून जायचा. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेलमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कंपनीने सांगितलेल्या कमी राखेच्या ऑइलशिवाय दुसरं घालू नका, फिल्टर चोंदतो.

खऱ्या कामातही क्रम आहे. आधी ब्रीदर, म्हणजे चेंबरमधला वायू बाहेर सोडणारी वाट. त्याची नळी किंवा सेपरेटर चोंदला की चेंबरमधला वायू बाहेर पडायची वाट शोधतो आणि सगळ्यात कमजोर सील फोडतो. ऑइल भरायचं झाकण आयडलिंगला उघडून बघा: किंचित फुरफुर डिझेलमध्ये असतेच, पण धुराचा जोरदार झोत आला तर मेकॅनिक ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात ते आहे. ब्रीदर साफ असूनही झोत तसाच असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. मग कितीही सीलं बदला, चार महिन्यांनी पुन्हा ओलं.

त्यानंतर स्वस्तातल्या जागा: चेंबर नटचा (ऑइल काढायच्या नटचा) वॉशर, फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंग, प्रेशर स्विच, व्हॅक्यूम पंप, टॅपेट कव्हरचं पॅकिंग. फिल्टरची ओ-रिंग नव्या फिल्टरसोबत येते आणि घाईत जुनीच राहते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

चेंबर सिलिकॉनवर बसवताना दोन गोष्टींसाठी समोर उभे राहा. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडलं का, आणि नवी रेघ बारीक आहे का. बोटभर जाड लावलं की आतल्या बाजूने लोंबतं, तुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं. बसवल्यावर गाडी रात्रभर तशीच ठेवायची. अर्ध्या तासात ऑइल ओतणाऱ्याला थांबवा.

अधिकृत सर्व्हिस सेंटर की कोपऱ्यावरचं गॅरेज? माझा कल कामाप्रमाणे बदलतो. वरवरच्या पॅकिंगला ओळखीचा मेकॅनिक उत्तम. तो शोधायला वेळ देतो, सेंटरमध्ये पूर्ण असेंब्ली बदलायचाच कल असतो. पण मागचं क्रँक सील किंवा टायमिंग कव्हर असेल तर योग्य हत्यारं, टॉर्क रेंच आणि कामाची लेखी वॉरंटी असेल तिथेच जा. हल्ली बरीच क्रँक सीलं पीटीएफईची, म्हणजे टेफ्लॉनची असतात, ती कोरडीच बसवायची असतात. जुन्या सवयीने सीलच्या आतल्या कडेला ऑइल चोपडलं की नवं सीलही गळतं. क्रँकवर जुन्या सीलची खाच पडलेली असेल तर नवं सील जागा असल्यास किंचित पुढेमागे बसवतात. गिअरबॉक्स परत चढवण्याआधी त्या खाचेचा फोटो मागून घ्या.

आणि सील खरंच गेलंय, पण रात्रीला आठ-दहा थेंबच पडतात, क्लच मजबूत आहे? मग खाली पुठ्ठा घाला आणि क्लच बदलायची वेळ येईपर्यंत थांबा, मजुरी एकदाच जाईल. ऑइल क्लच प्लेटला लागून क्लच सुटायला लागला तर मात्र थांबू नका. माझा क्लच पुढे दीड वर्ष चालला. तो बदलताना मागचं सील पाहिलं, ठणठणीत कोरडं होतं. तरी बदलून घेतलं.