गाडीला तीन तास आहेत? सीएसएमटीवरून फोर्टात एक चक्कर आणि एक थंड बाटली

रात्रीची गाडी आणि दुपारीच रिकामी करावी लागलेली हॉटेलची खोली, या अडचणीसाठी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे सीएसएमटीइतकं सोयीचं स्टेशन मुंबईत दुसरं नाही. दादरला बाहेर पाऊल टाकलं की बाजार अंगावर येतो. कुर्ल्याच्या टर्मिनसबाहेर रिक्षांच्या रांगेपलीकडे बघण्यासारखं काही नाही. सीएसएमटीच्या दारातून मात्र पायी पंधरा मिनिटांत अख्खा फोर्ट, म्हणजे जुन्या किल्ल्याच्या जागेवरचा भाग, हाताशी येतो, आणि बसून बिअर पिता येईल अशा जुन्या इराणी जागाही त्यातच आहेत.

आधी सामानाची सोय. बॅग ओढत फोर्टात फिरणं म्हणजे शिक्षा. फुटपाथ दर पन्नास पावलांवर उंची बदलतो. क्लोकरूममध्ये बॅग ठेवायला तिकीट आणि ओळखपत्र लागतं आणि बॅगेला कुलूप असावंच लागतं. बरेच जण नेमके इथे अडतात. बॅकपॅकच्या दोन्ही चेनच्या कड्या एकत्र आणून त्यात छोटं कुलूप अडकवलं की काम होतं, तेव्हा ते घरूनच खिशात टाका. लॅपटॉप, दागिने, खाण्याचे पदार्थ आत ठेवू नका. पावतीचा मोबाइलवर फोटो काढा, पण मूळ पावती जपा. ती हरवली तर बॅग सोडवताना अर्जफाटे करण्यात गाडीची वेळ होईल.

आता चालणं. सुरुवात स्टेशनच्या दारातून न करता महापालिकेच्या कोपऱ्यावरून करा. दोन्ही इमारती वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्याच, आणि स्टेशन नीट दिसतं ते याच फुटपाथवरून. मुख्य घुमटावरची बाई म्हणजे ‘प्रगती’: उजव्या हातात मशाल, डाव्या हातात आऱ्यांचं चाक. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. रोज लोकल पकडणाऱ्यांपैकी कितींनी हे मान वर करून पाहिलं असेल, कोण जाणे.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने दक्षिणेला निघा. इथल्या इमारतींच्या तळमजल्यावर सलग कमानी आहेत, त्यामुळे पावसाळ्यात बऱ्यापैकी कोरडं आणि मे महिन्यात सावलीतून चालता येतं. फेरीवाल्यांमुळे वेग कमी होतो, तेवढं धरून चाला. साधारण किलोमीटरभरात हुतात्मा चौक. १८६४ सालचं फ्लोरा फाउंटन आणि त्याच्या शेजारी मशाल धरलेले शेतकरी-कामगार, म्हणजे संयुक्त महाराष्ट्राचं स्मारक. इथून डावीकडे वीर नरिमन रस्ता. वाटेत सेंट थॉमस कॅथेड्रल लागतं, १७१८ सालचं. चर्चगेट स्टेशनला नाव मिळालं ते याच चर्चकडे जाणाऱ्या, किल्ल्याच्या तटातल्या दरवाजावरून. पुढे हॉर्निमन सर्कलची गोल बाग आणि समोर एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या पायऱ्या, मोजून तीस. ऊन उतरल्यावर या पायऱ्यांवर अर्धा तास बसणं हा सगळ्या फेरफटक्यातला सगळ्यात चांगला भाग, आणि फुकट. परतीला पायऱ्यांसमोरचाच शहीद भगतसिंग रस्ता धरून सरळ उत्तरेला गेलं की मुख्य टपाल कार्यालय, म्हणजे जीपीओ, आणि जीपीओपलीकडे स्टेशन.

सगळी चक्कर अडीच किलोमीटरच्या आसपास. नुसतं चालायला चाळीस मिनिटं, थांबत-बघत गेलं तर सव्वा तास. आधी चालणं आणि मग बिअर, हा क्रम उलटा करू नका. बिअरनंतर फोर्टात चालायला लागलं की पहिल्या वीस मिनिटांत स्वच्छतागृह शोधावं लागतं, आणि ते सहज सापडत नाही.

बसायचं कुठे? गाडीच्या हिशेबाने पहिली पसंती युनिव्हर्सल कॅफे. कारण चवीपेक्षा भूगोलाचं आहे: तो परतीच्या वाटेवर, शहीद भगतसिंग रस्त्यावरच आहे आणि तिथून स्टेशन चालत दहा मिनिटांवर. दादाभाई नौरोजी रस्ता ओलांडायला नको, सबवेत उतरायला नको. जुनं इराणी हॉटेल, आता बिअर आणि जेवणाची जागा; रंगीत काचा आणि लाकूडकाम मात्र नीट राखलेलं. संध्याकाळी ऑफिसं सुटली की टेबल मिळणं अवघड होतं, म्हणून सहाच्या आत पोहोचलेलं बरं.

जागेचा जीव म्हणाल तर कॅफे मिलिटरी सरस. नगीनदास मास्टर रस्त्यावर, हुतात्मा चौकापासून पाच मिनिटं आत. १९३३ सालचं इराणी हॉटेल, झगमगाट शून्य. इथे खिमा आणि पाव मागवा आणि सोबत बिअरची एक बाटली. चखण्याचा वेगळा विचार करू नका. पावाने खिम्याचा रस टिपत खाल्लं की रात्रीच्या गाडीत पँट्रीच्या डब्याची वाट बघावी लागत नाही. तोटा एवढाच, की इथून स्टेशन वीस मिनिटांवर पडतं, आणि ते अंतर बिल आल्यावर नाही तर आधीच हिशेबात धरायचं असतं.

कुलाब्याचं कॅफे मोंडेगार या दोघांपेक्षा प्रसिद्ध. भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडाची चित्रं आहेत आणि ती बघण्यासारखीच आहेत. पण तिथे, रीगल सिनेमापर्यंत, जाणं म्हणजे स्टेशनपासून दोन किलोमीटर लांब जाणं. हातात चार तास असतील तरच जा. संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान तिथून टॅक्सीने परतायचा विचार सोडून द्या, कारण हुतात्मा चौकाच्या सिग्नललाच मीटर आणि रक्तदाब सोबत चढतात. त्यापेक्षा हुतात्मा चौकापर्यंत चालत येऊन मेट्रो पकडा. तीन नंबरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावते आणि हुतात्मा चौकाच्या पुढचंच स्टेशन सीएसएमटी.

किती प्यायची, याचं गणित सोपं आहे. आपल्याकडची मोठी बाटली ६५० मिलीची, पिंट ३३० मिलीची. लंडनहून आलेल्या पाहुण्यांना त्यांच्या ५६८ मिलीच्या पिंटची सवय असते, त्यांना आधीच सांगा. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बाटलीत ५२ मिली शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीच्या ६० मिलीच्या दोन लार्ज पेगांइतकं. ५ टक्क्यांच्या माइल्ड बाटलीत ते साडेबत्तीस मिली. ‘एकच तर घेतली’ म्हणणारे नेमके इथे फसतात. प्रवासाआधी माइल्डची एक बाटली, जेवणासोबत, पाऊण तासात. रेल्वे कायद्याच्या कलम १४५ प्रमाणे नशेत गाडीत किंवा फलाटावर गोंधळ घातला तर उतरवून देतात, वर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. उरलेली बाटली पिशवीत घालून गाडीत न्यायचा मोहही नको.

बिलात दोन कर दिसले तर वेटरशी हुज्जत घालू नका. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर व्हॅट लागतो; खाण्यावर जीएसटी. सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक असतो, नको असेल तर काढायला सांगा. बिल शेवटचा घोट घेताना न मागता ताट उचलतानाच मागा, कारण गर्दीत त्यालाच दहा मिनिटं जातात. आणि निघण्याआधी कॅलेंडर बघा: २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी, मतदान संपण्याआधीचे ४८ तास. ड्राय डेला हा सगळा बेत कोरडाच.

न पिणाऱ्यांचं काही अडत नाही. दुपारची वेळ असेल तर बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियात बेरी पुलाव खा. १९२३ सालची ही जागा फक्त दुपारच्या जेवणापुरती उघडी असते, त्यामुळे रात्रीच्या गाडीवाल्यांनी तिच्या भरवशावर राहू नये. आंबटगोड बेरी इराणची, सोबत रास्पबेरी सोडा, शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. हातात फक्त अर्धा तास असेल तर स्टेशनसमोर कॅपिटॉल सिनेमाच्या इमारतीतल्या आरामचा वडापाव. पंचमची पुरी-भाजी पोटभरीची आहे, पण पुऱ्या तळणीच्या, आणि वरच्या बर्थवर आडवं झाल्यावर त्याची आठवण राहते. क्रॉफर्ड मार्केटसमोर बादशाहचा फालुदा हवाच असेल तर तो चालण्याच्या आधी घ्या.

रविवारी फोर्ट रिकामा असतो. चालायला त्यासारखा दिवस नाही. खाण्यापिण्याच्या बऱ्याच जागा मात्र बंद, म्हणून आधी फोन करून खात्री करा.

परतीची वेळ गाडीच्या वेळेपासून उलटी मोजा. आताच्या गाड्यांचा एलएचबी प्रकारचा डबा साधारण २४ मीटरचा, म्हणजे बावीस डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब. सीएसएमटी शेवटचं स्टेशन असल्याने बहुतेक जण फलाटाच्या एकाच टोकाने आत शिरतात, आणि आपला डबा इंजिनाकडे असेल तर बॅगेसकट आठ-दहा मिनिटं फलाटावरच जातात. मेल-एक्सप्रेसचे फलाट ८ ते १८. १८ च्या बाजूला पी. डिमेलो रस्त्याकडूनही आत येता येतं. संध्याकाळी सबवेमधून स्टेशनकडे वाहणारी गर्दी तुम्हाला सोबत घेऊनच येते, पण तिचा ओढा लोकलच्या फलाटांकडे असतो, तेव्हा मेलच्या बाजूला वेळेत वळा. क्लोकरूमच्या रांगेला पंधरा मिनिटं, फलाटाला दहा, पाण्याची बाटली घेऊन प्रतीक्षालयातलं स्वच्छतागृह गाठायला दहा, वर दहा उशिराची. म्हणजे ग्लास खाली ठेवून स्टेशनच्या दारात यायचं ते गाडीच्या पाऊण तास आधी. मिलिटरीत बसला असाल तर उठायचं सव्वा तास आधी. आणि त्याही आधी, दुपारीच, तिकिटावर सीएसएमटी लिहिलंय की एलटीटी (लोकमान्य टिळक टर्मिनस), ते एकदा वाचून घ्या. एलटीटी कुर्ल्याला आहे, आणि संध्याकाळी फोर्टातून तिथे पोहोचायला तास पुरत नाही.