खोकी झकास, पण चिठ्ठ्या गेल्या

जुन्या नाशकातलं पुठ्ठ्याची खोकी बनवणारं दुकान. एरवी मिठाई नि साड्यांची खोकी करतात. मला हवी होती शाळेतल्या छोट्या संग्रहालयासाठी. आमचा वाडा उतरवला तेव्हा आडाच्या गाळातून आणि पायाच्या चरातून निघालेलं मी वेचून ठेवलं होतं. काचेच्या बांगड्यांचे तुकडे, फुटक्या बरण्या, मातीच्या चिलमा. सून म्हणाली, "आई, हा कचरा आहे." असो.

काम फार सुबक. एका चिलमेसाठी फोममध्ये बरोबर तिच्या बेताचा खळगा कोरून दिला, उलटं केलं तरी हलत नाही. इस्तंबूलच्या तोपहाने भागात (म्हणजे आपला तोफखानाच!) उस्मानी काळात लाल मातीच्या चिलमा घडवत. तिथल्या खोदकामात असल्या तुकड्यांवरून थराचा काळ ठरवतात. माझीवर बोटाचा ठसा आहे, कुंभाराचाच असणार.

आता तक्रार. मापासाठी एकतीस वस्तू देऊन आले. प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी: 'आड, चार फूट', 'माजघर, पाया'. आणायला गेले तर वस्तू खोक्यात, आणि एकतीसही चिठ्ठ्या एका पिशवीत, छान रबर लावून! मालक म्हणाले, "ताई, मळल्या होत्या. नवीन प्रिंट मारून देतो, पैसे नको."

रागावता पण येईना. त्यांना कसं सांगू, चिठ्ठी गेली की वस्तू मुकी होते? १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी गावाला तेरा हजारांवर चांदीची नाणी एका जागी मिळाली. क्षत्रप राजा नहपानाच्या नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला, तोही सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर. सुटं एखादं नाणं सराफाकडे गेलं असतं तर एवढं कळलं असतं? १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी आपल्या नाशकातल्या मातीच्या गढीवर खोदलं, तेही थरांची नोंद ठेवतच.

वहीतल्या नोंदींवरून बावीस जुळल्या. नऊंवर आता 'वाडा, जागा अज्ञात' एवढंच.

भाव वाजवी: खोक्याला ९५ रुपये, फोमसकट. पुठ्ठा मात्र साधाच, म्हणून आत आम्लरहित कागद मी घातला. चार तारे. पुढच्या खेपेला वस्तू नेणार नाही, फक्त मापं. आणि क्रमांक थेट वस्तूवरच: पॅरालॉइडचा (संग्रहालयात वापरतात तो पारदर्शक, पुन्हा काढता येणारा लेप) पातळ थर, वर काळी शाई.