सिंगल फेज लॉक-इन घ्यावा की ड्युअल फेज?

लॉक-इन, म्हणजे ठरावीक रेफरन्स फ्रिक्वेन्सीवरचा बारीक सिग्नल नॉइजमधून वेगळा काढणारा ॲम्प्लिफायर, आत काय करतो ते तुम्हाला माहीत आहे असं धरतो. सिंगल फेज रेफरन्सशी जुळलेला एकच घटक मोजतो, ड्युअल फेज त्याच्याशी 90 अंशांवरचा दुसराही मोजतो. मी आधी बरीच वर्षं ॲनालॉग सिंगल फेज वापरला आणि आता डिजिटल ड्युअल फेज वापरतोय, त्यामुळे हे सगळं स्वतःच्या अनुभवावरून, तुमचा सेटअप वेगळा असेल तर तुमचं मत वेगळं असू शकतं.

सिंगल फेजवर माझा अजून जीव आहे. फेजचा नॉब फिरवून आधी आउटपुट शून्यावर आणायचं, कारण शून्य नेमकं सापडतं आणि वरचं शिखर चपटं असतं, मग 90 अंश सरकवायचं की काम झालं. फ्रिक्वेन्सी ठरलेली असेल, सेटअपला कोणी हात लावणार नसेल तर एवढ्यावर निभावतं.

पण माझ्या सेटअपला हात लागायचा. चॉपरच्या, म्हणजे प्रकाशाचा बीम ठरावीक वेगाने अडवत-सोडत फिरणाऱ्या आणि लॉक-इनला रेफरन्स देणाऱ्या, चकतीला 30 खाचा होत्या, म्हणजे चकती 12 अंश फिरली की रेफरन्सचं एक चक्र पूर्ण, म्हणजेच चकतीवरचा 1 अंश हा फेजमध्ये 30 अंश होतो, आणि बीम केंद्रापासून 45 मिलिमीटरवर असेल तर हा 1 अंश जेमतेम 0.8 मिलिमीटर भरतो. एकदा आरसा जरासा अलाइन केला, बीम तेवढाच बाजूला गेला आणि सिग्नल 13 टक्के पडला. मला वाटलं सँपल खराब झालं. दोन दिवस सँपल बदलले, प्रीॲम्प तपासला, डिटेक्टर पुसला, शेवटी सहज फेजचा नॉब फिरवला तर सिग्नल जागच्या जागी होता. सगळ्यात जास्त त्रास याचा झाला की आकडा अगदी स्थिर होता, चुकतंय अशी शंकासुद्धा येत नव्हती.

ड्युअल फेजमध्ये एक्स (रेफरन्सशी जुळलेला घटक) आणि वाय (90 अंशांवरचा) दोन्ही मिळतात, त्यामुळे आर, म्हणजे दोन्हींवरून काढलेला सिग्नलचा एकूण आकार, तसाच राहतो आणि थीटा, म्हणजे फेज, 30 अंशांनी सरकलेला समोर दिसतो. माझा निर्णय तिथेच झाला.

बाकी फरक आहेत, पण माझ्यासाठी दुय्यम. स्क्वेअर वेव्हने गुणणारा ॲनालॉग तिसरा हार्मोनिक, म्हणजे रेफरन्सच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीही एक तृतीयांश वजनाने आत घेतो, त्यामुळे पायरोइलेक्ट्रिक (तापमानातल्या बदलावर सिग्नल देणाऱ्या) डिटेक्टरसाठी हळू, 16.7 हर्ट्झच्या आसपास चॉप केलं तर 50 हर्ट्झचा मेन्स, म्हणजे घरगुती विजेचा गोंगाट, थेट आउटपुटमध्ये येतो. डिजिटल साइनने गुणतो, तिथे ही भानगड नाही. टाइम कॉन्स्टंटची, म्हणजे आउटपुटचा फिल्टर किती वेळाची सरासरी घेतो त्याची, वाट मात्र दोन्हीकडे सारखीच बघावी लागते, फिल्टरचा 24 डीबी प्रति ऑक्टेव्हचा उतार आणि 1 सेकंदाचा टाइम कॉन्स्टंट ठेवला तर आकडा बसायला 10 सेकंद धरा.

एक गोष्ट ड्युअल फेज घेणाऱ्यांनी जपायची. सिग्नल नॉइजच्या पातळीला आला की आरवर भरवसा ठेवू नका, तो कधी ऋण होत नाही, त्यामुळे सिग्नल नसतानाही सरासरी शून्याच्या वरच राहते. अशा वेळी मी सिग्नल जोरात असताना फेज लावून घेतो आणि मग फक्त एक्स वाचतो, वाय शून्याजवळ आहे ना यावर लक्ष ठेवून.