धोकादायक वाड्याची तक्रार आणि महापालिकेची सेवा: पाचपैकी अडीच तारे

आमच्या इमारतीला लागून असलेल्या जुन्या वाड्याचा सज्जा दोन वर्षांपासून रस्त्याकडे कलला आहे आणि त्याच्याखालूनच मुले शाळेत जातात. गेल्या एप्रिलमध्ये मी महापालिकेच्या मोबाइल ॲपवर छायाचित्रांसह तक्रार नोंदवली. क्रमांक लगेच मिळाला, परंतु नवव्या दिवशी ‘तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा संदेश आला, तेव्हा वाड्याकडे कोणी फिरकलेही नव्हते. क्षेत्रीय कार्यालयात चौकशी केल्यावर कळले की तक्रार अतिक्रमण विभागाकडे गेली होती आणि ती बांधकाम विभागाकडे वर्ग करण्याऐवजी त्यांनी बंद करून टाकली होती.

अधिकार नाहीत म्हणून हे घडले, असे मुळीच नाही. पडण्याच्या बेतात असलेले बांधकाम उतरवण्याचा, दुरुस्त करण्याचा किंवा सुरक्षित करण्याचा लेखी आदेश महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ नुसार आयुक्त मालकाला किंवा भोगवटादाराला देऊ शकतात. ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणीही कलम २६५ अ नुसार बंधनकारक आहे. या कलमांचा उल्लेख करून लेखी अर्ज दिला आणि प्रतीवर आवक शिक्का घेतला, तेव्हा पाचव्या दिवशी कनिष्ठ अभियंता आले.

त्यांचे काम मात्र मनापासून वाखाणण्यासारखे होते. त्यांनी तुळईत स्क्रूड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला आणि वाळवीचा भुसा खाली सांडला. वाड्यात एकट्या राहणाऱ्या भाडेकरू आजींनी विचारले, “साहेब, खोली सोडली तर माझा हक्क राहील ना?” धोकादायक घरे रिकामी होत नाहीत ती बहुतेक वेळा याच भीतीपोटी. अभियंत्यांनी टेपने दोन्ही खोल्या मोजल्या, क्षेत्रफळ पंचनाम्यात लिहिले, ते आजींना वाचून दाखवले आणि त्याचा दाखला मिळेल असे सांगितले. नोटीस दारावर चिकटवण्याआधी अशी मोजणी प्रत्येक ठिकाणी झाली पाहिजे.

त्याच वाड्याच्या मागील अंगणात, निवासी विभागात, फॅब्रिकेशनचे काम चालते. महाराष्ट्र प्रादेशिक व नियोजन अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली नियोजन प्राधिकरण, म्हणजे येथे महापालिकाच, असा वापर थांबवण्याची नोटीस देऊ शकते. ॲपमध्ये मात्र अनधिकृत वापरबदलासाठी पर्यायच नाही, त्यामुळे ती तक्रार ‘इतर’ या सदरात टाकावी लागली आणि तेथेच पडून आहे. हा पर्याय तातडीने जोडावा, अशी माझी प्रशासनाला आग्रहाची विनंती आहे.

ज्यांना अशी तक्रार करायची आहे त्यांनी ॲपवर विसंबू नये; लेखी अर्ज द्यावा, त्यात कलम लिहावे आणि आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

जूनमध्ये मालकाने सज्ज्याखाली तीन टेकू लावले. आजी आता मुलीकडे राहतात. क्षेत्रफळाचा दाखला त्यांना अजून मिळालेला नाही.