चौदा महिन्यांनंतर: घड्याळ चालू, टिचकी बंद

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने घड्याळ उलटसुलट करून पाहिले, पावले आणि नाडी दिसत असल्याची खात्री केली आणि "काका, घड्याळ तर चालू आहे, फक्त व्हायब्रेशन गेलंय," असे म्हणून ते परत केले. त्या 'फक्त'मुळेच हे लिहावे लागत आहे.

मी ४,५०० रुपये मोजले ते व्हायब्रेशनसाठीच. चालताना नाडी १२० च्या वर जाऊ देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. मेहरूण तलावावर फिरताना चष्मा घरी असतो, आणि जळगावच्या मे महिन्यातल्या उन्हात स्क्रीन तशीही दिसत नाही. मर्यादा ओलांडली की मनगटावर दोन आखूड टिचक्या बसत, किलोमीटर झाला की एक लांब.

पहिल्या महिन्यात मात्र मीच व्हायब्रेशन बंद ठेवले होते, कारण प्रत्येक मेसेजला घड्याळ थरथरत असे आणि भरीत-भाकरीचा घासही सुखाने घेता येत नसे. मेसेज बंद करून फक्त नाडी ठेवली, तेव्हा मत बदलले. अॅपलने २०१५ च्या घड्याळात आपले ठोके दुसऱ्याच्या मनगटावर पाठवण्याची सोय दिली, तो मला निव्वळ चोचला वाटला होता. आता तसे म्हणवत नाही. आकडा वाचून मी कधी थांबलो नाही, टिचकीने थांबलो. घामाने पट्टा सरकला की नाडी चुकीची मोजली जाते आणि टिचकीही खोटी बसते, हेही खरे.

स्वस्त बँडमध्ये व्हायब्रेशनच्या मोटरीत एका बाजूला जड असलेले वजन गरगर फिरते, त्यामुळे नुसती गुरगुर होते; माझ्या घड्याळात स्प्रिंगवरचे वजन मागेपुढे हलते, म्हणून प्रत्येक टिचकी सुटी जाणवते. ही मोटर सुटी मिळत नाही, वॉरंटी संपली आहे, सबब अख्खे घड्याळ २,८०० रुपयांत बदलून घ्या, असा सेंटरचा सल्ला होता. दाराची बेल बंद पडली म्हणून घर बदलण्यातला हा प्रकार.

गोलाणी मार्केटमधल्या एका कारागिराने भंगार घड्याळातली तशीच मोटर ३५० रुपयांत बसवून दिली, पण हात धुताना घड्याळ काढून ठेवा, असे बजावले. अशा प्रत्येक मोटरीची कंपनाची गती ठरलेली असते आणि हिची थोडी वेगळी असावी, कारण टिचकी मऊ झाली असून दोन आखूड आणि एक लांब यांतला फरक नीट कळत नाही. त्यामुळे हल्ली किलोमीटर पूर्ण झाला तरी मी चाल मंदावतो.